भाऊजी, लिनक्स घालण्याआधी

तात्यापारा, रायपूर
रविवार, १८ जानेवारी

ती. श्यामरावभाऊजी यांस,

रायपूरहून सुशीलचा वाकून नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो आणि ताईने सकाळचं फिरणं पुन्हा सुरू केलं, हे वाचून आम्हा दोघांना फार बरं वाटलं. इकडे आमचं ठीक चाललं आहे. थंडी यंदा बरी पडली, पद्मजाचा खोकला गेला, माझे दात आहेत तेवढे शाबूत आहेत.

तुम्ही लिहिलंत की तुमचा नऊ वर्षांचा लॅपटॉप रोज सकाळी उघडल्या उघडल्या सांगतो की आता तुला नवीन काही मिळणार नाही, आणि शेजारच्या कुणी तुम्हाला सुचवलं की त्यावर लिनक्स घाला, फुकट असतं आणि यंत्र पळायला लागतं. सुशीलनं घातलं म्हणतात, त्याला विचारावं, असं तुम्हाला वाटलं. मी लिनक्स घातलं ही बातमी वर्ध्याला पोचली, पण त्यापुढची पोचली नाही, याबद्दल मी पद्मजाचा ऋणी आहे. तुमचा प्रश्न एका ओळीचा आहे, घालू की नको. माझं उत्तर एका शब्दाचं आहे, नको. पण तुम्ही छत्तीस वर्षं गणित शिकवलंत, रीत दाखवल्याशिवाय नुसत्या उत्तराला गुण देणार नाही, म्हणून रीत लिहितो.

आधी हे समजून घ्या की लिनक्स ही एक वस्तू नाही. त्याचे शेकडो प्रकार आहेत, आणि प्रत्येक प्रकाराची माणसं बाकीच्या प्रकारांच्या माणसांकडे दयेनं बघतात. आमच्या वरच्या मजल्यावर पियुष नावाचे गृहस्थ राहतात, ते बँकेत आहेत आणि फावल्या वेळात हेच करतात. त्यांनी मला चार प्रकार समजावून सांगितले. मला चारही सारखेच दिसले, तेव्हा ज्याचं चित्र सगळ्यात शांत होतं ते मी निवडलं (निळं तळं, काठावर एक बगळा). पियुषनी ते पेनड्राइव्हवर घालून दिलं आणि जाता जाता म्हणाले, "अंकल, बैकअप ले लेना." मी हव म्हटलं. नवशिक्याला माझा पहिला सल्ला हाच की या वाक्यावर नुसतं हव म्हणायचं नसतं, उठून ते काम करायचं असतं. आपली प्रत्येक फाईल दुसऱ्या एखाद्या डिस्कवर उतरवायची, ती तिथे उघडते का हे बघायचं, आणि मगच पुढचं.

आता त्या लॅपटॉपमध्ये काय होतं ते सांगतो. माझं काहीच नव्हतं. माझे चार फोटो आणि पेन्शनचा एक अर्ज. बाकी सगळं पद्मजाचं. तुम्हाला माहीत आहे की इथल्या मराठी मंडळातर्फे ती एकोणीस वर्षं लग्नाच्या मुलामुलींची यादी ठेवते. सुरुवातीला वह्या होत्या. लॅपटॉप आल्यावर तिनं एक हिवाळाभर बसून सगळं आत उतरवलं, आणि वह्या रद्दीत द्याव्यात हा आग्रह माझा होता (घरात जागा होते, हे माझं म्हणणं). एकूण चारशे बारा नावं. भोसल्यांच्या काळापासून इथे राहिलेली घरं, रेल्वेबरोबर विदर्भातून आलेली घरं, भिलाईची, बिलासपूरची, सगळी. तिच्या दोन फायली होत्या. एकीत क्रमांक, नाव, पत्ता, गोत्र, नोकरी. दुसरीत नुसता क्रमांक आणि त्यापुढे तिचा स्वतःचा शेरा. ही दुसरी फाईल ती कुणालाच दाखवत नसे, मलासुद्धा नाही. लोक तिच्याकडे विश्वासानं येत ते या दुसऱ्या फाईलमुळे, जरी ती फाईल अस्तित्वात आहे हे कुणाला माहीत नव्हतं.

नोव्हेंबरात आमच्या लेकीनं, निधीनं, पुण्यात घर बदललं, तेव्हा पद्मजा बारा दिवस मदतीला गेली. लॅपटॉप सुरू व्हायला सात मिनिटं घेतो म्हणून ती नेहमी करवादायची. मी ठरवलं, ती परत येईल तेव्हा तो पळत असेल. बायकोला न विचारता तिला आनंद देण्याची इच्छा माणसाला निवृत्तीनंतर होते, भाऊजी, तुम्ही अजून त्यातून सुटलेले दिसता.

तिच्या गाडीच्या दुसऱ्याच दिवशी आंघोळ, पूजा उरकून मी बसलो. पेनड्राइव्ह लावून यंत्र सुरू करायचं आणि कंपनीचं चित्र दिसतं तेवढ्यात एक बटण दाबायचं, असं असतं. ते चित्र पापणी लवते तेवढाच वेळ दिसतं. माझं अकराव्या वेळी जमलं. मग पडद्यानं भाषा विचारली. मराठी होती, अभिमानानं निवडली, आणि पुढचं एकही वाक्य कळेना, म्हणून मुकाट्यानं इंग्रजीवर आलो. त्यानंतर त्यानं विचारलं की आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता का, आवडलं तर आत घाला. इथे माझा दुसरा सल्ला: चालवून बघा. दोन दिवस बघा. वायफाय लागतं का, आवाज येतो का, छपाई होते का. मी बघितलं नाही, कारण जो दुकानदार फार आग्रहानं चाखून बघा म्हणतो त्याच्याकडून मी काही घेत नाही.

पुढचा पडदा म्हणाला, डिस्क पुसून टाकायची आणि यंत्रणा घालायची. खाली लाल अक्षरांत तीन ओळी होत्या. मी सिंचाई विभागात चौतीस वर्षं इंग्रजी टिपणं वाचली आहेत, तेव्हा मला वाक्य कळलं नाही असं समजू नका. वाक्य पूर्ण कळलं. फक्त डिस्क म्हणजे पेनड्राइव्ह, असं मी धरलं. लॅपटॉप तो लॅपटॉप, आणि त्याला बाहेरून लावलेली ती डिस्क, हा माझा हिशेब. आतली यंत्रणा एकदा लॅपटॉपमध्ये उतरली की पेनड्राइव्ह कोरा करून पियुषना परत द्यायचा, ही मला त्या लोकांची स्वच्छतेची सवय वाटली. मनात त्यांना दाद देऊन मी होय दाबलं. त्यानं पुन्हा विचारलं, नक्की का. मी पुन्हा होय दाबलं (सरकारी माणसाला दोनदा सही करायची सवय असते).

अठरा मिनिटांत सगळं झालं. यंत्र बंद होऊन सुरू झालं ते वीस सेकंदांत. तळं आलं, बगळा आला. मी पद्मजाची फाईल उघडायला गेलो. कागदपत्रांचं कपाट रिकामं. डाउनलोडचं कपाट रिकामं. कचराटोपली उघडली, तीसुद्धा रिकामी, नव्या डब्यासारखी स्वच्छ. नोकरीत असताना मी एकदा एक कालवा नकाशावर गावाच्या चुकीच्या बाजूनं काढला होता. तेव्हाही मी एवढा घाबरलो नव्हतो, कारण तो कालवा अजून खणायचा होता. इथे खणून झालं होतं. मी उठून पाणी प्यायलो, परत बसलो, पुन्हा कपाट उघडलं. मग पुन्हा. पाऊण तास मी तेच करत होतो.

पियुष गावाला गेले होते. नव्या यंत्रणेला आमचं वायफाय दिसत नव्हतं, त्यामुळे इंटरनेटला विचारायचीही सोय नव्हती. मी लॅपटॉप पिशवीत घातला आणि गुढियारीला दयारामकडे गेलो. तो रेल्वेलाईनच्या पलीकडे एका खोलीत संगणक दुरुस्त करतो, माझ्याच वयाचा आहे तरी मला काका म्हणतो, फार कमी बोलतो. त्यानं ऐकून घेतलं आणि यंत्र बंद करून माझ्या हाताजवळून लांब ठेवलं. म्हणाला, "कका, अब येमा कुछु झन लिखव." म्हणजे आता यावर काहीही लिहू नका, काही उतरवू नका, हात लावू नका. हा माझा तिसरा सल्ला, आणि तो दयारामचा आहे, म्हणून तो पहिल्या दोनांपेक्षा जास्त मोलाचा समजा. पुसलेली गोष्ट लगेच नाहीशी होत नाही, तिच्यावर दुसरं काही लिहिलं की होते.

चार दिवसांनी त्यानं बोलावलं. नावांची फाईल जिथे होती तिथे आता बगळा बसला होता, ती गेली. शेऱ्यांची फाईल मात्र जवळजवळ पूर्ण सापडली होती. त्यानं ती छापून लॅपटॉपसोबत दिली, एकवीस पानं. मी गोल बाजारात एका ओट्यावर बसून ती वाचली. क्रमांक ४१: मुलगा सरळ, आईला भेटल्याशिवाय होकार देऊ नये. क्रमांक १०३: उंची पाच सात सांगतात, बूट काढायला सांगावं. क्रमांक २१७: मुलगी हुशार, हिच्यापुढे कोणी गप्प बसणारा नको, बोलणारा हवा. क्रमांक ३००: फोटो जुना आहे, फार जुना. अशी चारशे माणसं, आणि कुणाचंच नाव नाही. मंडळात रोज भेटणाऱ्या लोकांपैकी बूट कुणाचे काढायचे हे मला कळेना. हसू यायला हवं होतं, आलं नाही. एकोणीस वर्षं ही बाई घरोघरी जाऊन चहा पीत इतकं बघत होती, आणि मी तिला विचारायचो की तिथे खायला काय होतं.

त्याच संध्याकाळी यशोधनजींचा फोन आला. हे गोल बाजारातले भांड्यांचे व्यापारी, जुनं घर, अतिशय मृदू माणूस. त्यांची मुलगी ऋता अठ्ठावीस वर्षांची, नवा रायपुरात एका संस्थेच्या संगणक विभागात आहे. तिच्या आत्यानं नागपूरकडचं एक स्थळ आणलं होतं, ती मंडळी सोमवारी येणार होती, आणि मुलीच्या मनात ते नव्हतं. हातात दुसरं नाव असेल तर बहिणीला थांबवता येईल, एवढंच त्यांना हवं होतं.

"सुशीलभाऊ, वहिनी म्हणाल्या होत्या, यादीत पाहून एक नाव सांगते," ते म्हणाले. "त्यायले पुण्यात कशाला त्रास द्यायचा? यादी तर घरीच आहे न?"

मी म्हटलं, "हव, घरीच आहे."

भाऊजी, या ठिकाणी खरं बोलायला जागा होती. मी ती बघितली आणि पुढे गेलो. पानं चाळल्याचा आवाज केला (विजेचं बिल चाळलं) आणि नाव सांगितलं. संपूर्ण छत्तीसगडात ज्या एकाच अविवाहित मुलाची उंची, गोत्र, नोकरी आणि जेवणातल्या खोडी मला पाठ होत्या, त्याचं. वडील कसे आहेत विचारल्यावर मी म्हटलं, अत्यंत सज्जन. आई कशी आहे विचारल्यावर मी क्षणभर थांबलो आणि म्हटलं, कर्तबगार. ते म्हणाले, रविवारी पाच वाजता येतो.

त्या मुलाला मी वेगळंच सांगितलं. वायफाय लागत नाही, येऊन बघ, एवढंच. तो रविवारी पावणेपाचला चुरगळलेला शर्ट घालून आला. पाच वाजता यशोधनजी आणि ऋता आले, ती साडी नेसून. मी चहा करायला आत गेलो आणि मुद्दाम वेळ लावला. बाहेर आलो तर यशोधनजी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते आणि ती दोघं लॅपटॉपसमोर होती.

"पूर्ण डिस्क पुसली काय तुम्ही?" मुलानं मला विचारलं.

मी हव म्हटलं.

ऋता म्हणाली, "अंकल, बैकअप तो लिया था न?"

मी कप ठेवले. त्या दोघांनी माझ्याकडे बघितलं आणि मग एकमेकांकडे. त्यांचं पहिलं एकमत माझ्या मूर्खपणावर झालं, आणि मला वाटतं त्यानंतर फारशी एकमतं झाली नाहीत. वायफायची चिप जुनी आहे, तिला वेगळा ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारा प्रोग्राम, लागतो, हे दोघांना मान्य होतं. तो कसा घालायचा यावर मात्र वाद सुरू झाला. मग हा प्रकार मुळात घालायलाच नको होता, दुसरा घालायला हवा होता, यावर. तो मराठीत बोले, ती हिंदीत उत्तर देई. तो म्हणाला, "तू काहून इतकी घाई करून राहिली?" ती म्हणाली, "क्योंकि आप दस मिनट से एक ही चीज़ पढ़ रहे हैं." तिनं मोबाईल तारेनं जोडून त्याचं इंटरनेट आत घेतलं, ड्रायव्हर उतरवला, वायफाय लागलं. त्यावर त्यानं दुसऱ्या पद्धतीनं पुन्हा लावून दाखवलं, कारण ही पद्धत जास्त बरोबर होती. दोन तास चाललं. त्यात कळलं की नवा रायपुरात त्यांची ऑफिसं एकाच रस्त्यावर आहेत आणि तीन वर्षांत दोघांनी एकमेकांना पाहिलं नाही (तो रस्ता एवढा रुंद आहे की समोरची बाजू दुसऱ्या गावात असल्यासारखी वाटते). जाताना यशोधनजी माझा हात धरून हळूच म्हणाले, जमलं नाही वाटतं, पोट्टी जरा तोंडाची तेज आहे. मी म्हटलं, तोही कमी नाही. पुढे काय झालं ते इथे लिहीत नाही, कारण हे पत्र लिनक्सबद्दल आहे.

पद्मजा बुधवारी आली. पाय धुतले, चहा घेतला, लॅपटॉप उघडला. वीस सेकंदांत सुरू झाला हे तिच्या लक्षात आलं. तळ्याकडे बघत म्हणाली, "माझी यादी कुठे आहे?" मी इतके दिवस तयार केलेलं भाषण विसरलो आणि सगळं सरळ सांगितलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "वह्यासुद्धा तुम्हीच द्यायला लावल्या होत्या." मग तीन दिवस आमच्यात मीठ, कुलूप आणि दूधवाला या तीन विषयांवर बोलणं झालं. चौथ्या दिवशी तिनं दयारामची एकवीस पानं मागितली. पेन्सिल घेऊन बसली. शेरा वाचायची, खिडकीबाहेर बघायची आणि पुढे नाव लिहायची. कधी पत्त्यासकट. दिवेलागणीपर्यंत चारशे बारांपैकी तीनशे नव्वद नावं परत आली होती. मी शेजारी बसून भाजी निवडत होतो, दुसरं काही करण्याची माझी लायकी नव्हती. क्रमांक एकचा शेरा होता, माणूस चांगला, एकटा सोडू नये. त्यापुढे तिनं नाव लिहिलं नाही. कोण म्हणून विचारलं तर म्हणाली, संगणक शिकत होते तेव्हा नमुन्यादाखल कुणाचं तरी लिहिलं होतं.

मग तिनं सगळ्यांना फोन लावायला घेतले, पत्ते पुन्हा घ्यायला. त्यात निघालं की एकशे सहा जणांची लग्नं होऊन गेली आहेत आणि तिला कळवायचं कुणाला सुचलं नाही. एका मुलासाठी ती आठ वर्षं मुली बघत होती, त्याचा मोठा मुलगा दुसरीत आहे. असा फोन झाला की ती तो खाली ठेवायची, नाव खोडायची, पुढचा लावायची. आता यादी पूर्वीपेक्षा लहान आहे पण जिवंत आहे, दोन ठिकाणी उतरवलेली आहे आणि त्यातल्या एका ठिकाणाचा पत्ता मला माहीत नाही.

तेव्हा भाऊजी, हा सगळा अनुभव लक्षात घेता तुम्ही या भानगडीत पडू नये. जुना लॅपटॉप हळू चालतो तर चालू दे, आपणही हळूच चालतो. ताईला नमस्कार सांगा. गुडघ्याला शेक चालू ठेवा.

तुमचा,
सुशील

ता. क. पत्रात चि. सौमित्रबद्दल मी एक अक्षर लिहिलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. यशोधनजींना मी ज्याचं नाव दिलं तो तुमचा सौमित्रच. पद्मजाच्या यादीत तो कधीच नव्हता. नणंदेच्या मुलाचं लग्न जुळवलं तर पुढे भाजीत मीठ जास्त झालं तरी आपल्याला फोन येईल, असं तिचं म्हणणं. पण आता इलाज नाही. दोघं नोव्हेंबरपासून रोज भांडत आहेत आणि गेल्या आठवड्यात त्यांनी लग्न करायचं ठरवलं. मुलगी उत्तम आहे. क्रमांक २१७ तीच.

ता. क. २. येत्या शनिवारी दोघं वर्ध्याला येत आहेत. तुमचा लॅपटॉप सुधारायला, असं सौमित्र सांगेल. तेव्हा वरचा सल्ला रद्द समजावा आणि लिनक्स घालून घ्यावं, कोणतं घालायचं यावर त्यांचं एकमत होईपर्यंत तुम्हाला मुलगी नीट बघता येईल. ताईनं गेल्या दिवाळीत मला बजावलं होतं की माझ्या पोराच्या लग्नात सुशीलनं हात घालायचा नाही. म्हणून तुम्ही तिला असं सांगावं की तुम्हीच लिनक्ससाठी सौमित्रला जाणकार शोधायला लावलं आणि त्यातून ओळख झाली. यात माझं नाव कुठेच येत नाही. एवढं काम माझ्यासाठी करा. पत्र स्पीड पोस्टानं पाठवतो आहे, वाचून फाडून टाका.

ता. क. ३. भाऊजींना पद्मजाचा नमस्कार. पत्र पाकिटात घालून चिकटवायला ह्यांनी माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. वन्संना मी परवाच फोन करून सगळं सांगितलं आहे, यादीसकट. त्यांनी एवढंच विचारलं की मुलीला कोणता रंग शोभतो. मी मोरपंखी सांगितला. तुमच्या लॅपटॉपमधलं सगळं शनिवारच्या आत दुसरीकडे उतरवून घ्या, पत्रातला तेवढा सल्ला खरा आहे. आणि रविवारी ह्यांचा फोन येईल, तेव्हा वन्संना अजून काही माहीत नाही असंच सांगा. ह्यांना तेवढंच बरं वाटेल.